जे आहे तेच वाच

“वरची बाई कॉम्प्युटरकडे पाह्यतच नाई, मालक. मले तं वाटते कॉम्प्युटरच तिच्याकडे पाह्यते.”

जिन्याखाली चहावाला शेषराव खताच्या दुकानदाराला सांगत होता आणि दोघं हसत होते. माझा कामाचा पहिला दिवस होता. ते दोघं नेमके पायरीवर उभे होते आणि ‘जरा सरका’ एवढं म्हणणं मला जमत नव्हतं, म्हणून ते आपणहून सरकेपर्यंत मी डबा हातात धरून थांबले. ‘वरची बाई’ म्हणजे सुनंदाताई, हे वर गेल्यावर कळलं.

आमचं ऑफिस आदिलाबादच्या बसस्टँडमागे, खताच्या दुकानावर होतं. श्रीनिवास सर, त्यांच्या नात्यातला किरण, सुनंदाताई आणि आता मी. दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचं काम. पेशंटला त्याच्या तारखेची आठवण देणारा मेसेज तेलुगू, मराठी, हिंदी, ज्याच्या त्याच्या भाषेत जावा, असलं काहीतरी. सर तेलुगू, आमच्याशी हैदराबादी हिंदी बोलायचे. ताई त्यांच्या गावची मराठी बोलायच्या. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मला तिन्ही भाषा समजायच्या आणि मी कुठल्याच भाषेत फारसं बोलत नसे.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं, आणि पहिलं काम काय केलं तर माझ्या टेबलावरचा माउस ओढून काढला आणि वायरीसकट खिडकीच्या खिळ्याला टांगला.

“हे उंदीर आपल्याले नाई लागत,” त्या म्हणाल्या. “बस इथं.”

त्यांचा पडदा काळा होता. त्यावर चौकटी नाहीत, चित्रं नाहीत, फिरता बाण नाही. नुसती अक्षरांची ओळीवर ओळ. सगळं कळफलकावरून चालायचं. मी शिकले होते ते वेगळं होतं. मी एक फाईल उघडायची, काम झालं की बंद करायची, दुसरी उघडायची. शाळेत वह्यांचं करायचो तसं. ताईंनी माझ्या बोटांचा आवाज ऐकला आणि मनगट धरलं.

“काऊन बंद केली वं?”

“काम झालं.”

“झालं म्हून बंद कराचं नाई. मागं ठेवाचं.”

मग त्यांनी दाखवलं. फाईल एकदा उघडली की ती उघडीच राहते. पडद्यावर एक असते, बाकीच्या तिच्या मागे उभ्या असतात, ज्या ओळीवर सोडल्या त्याच ओळीवर. नावाची दोन-तीन अक्षरं टाइप केली की हवी ती पुढे येते. आणि दोनच फाईलींमध्ये ये-जा करायची असेल तर नावही लागत नाही. करंगळीने खालची कळ दाबून धरायची, वर सहाच्या आकड्यावर बोट टेकवायचं, की जिच्यावरून आलो ती मागची फाईल समोर. पुन्हा तेच केलं की परत. ताई त्याला आत-बाहेर म्हणायच्या. “आतून भाईर, भाईरून आत. डोकं नाई लागत, बोट जाते.” दिवसभर त्यांची करंगळी आणि ते बोट असं आत-बाहेर करत असायचं. चहा पितानासुद्धा, कपाच्या काठावर.

त्यांची दुसरी सवय मला जड गेली. त्या मला मोठ्यानं वाचायला लावायच्या. प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ, कंस आणि स्वल्पविरामासकट.

“मोठ्यानं. शेषरावले ऐकू गेलं पायजे.”

माझे कान तापायचे. किरण तोंडावर हात धरून हसायचा. घाई करून मी पुढची ओळ अंदाजाने म्हणून टाकली की ताई लगेच थांबवायच्या. “हे इथं लिहेल हाय का तू मनानं म्हनून राह्यली? जे हाय तेच वाच.” मला वाटायचं, लाजऱ्या मुलीची भीड मोडायला करताहेत. त्यांच्याबद्दल मनात थोडा राग आणि थोडं उपकाराचं ओझं, दोन्ही घेऊन मी वाचत राहिले.

बाकी त्यांच्याबद्दल जे कळलं ते बघून बघून कळलं. लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शांतीनगरकडे एका खोलीत एकट्या राहायच्या. डब्यात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. डबा टेबलाच्या एकाच कोपऱ्यात, पाण्याची बाटली त्याच्या डाव्या अंगाला. कुणी बाटली हलवली तर एवढी शांत बाई वसकन अंगावर यायची. आणि अंधार पडायच्या आत घरी. कितीही काम असो, उन्हं कलली की त्या पर्स काखेत मारून निघायच्या. किरण म्हणायचा, “ताई, कोण वाट बघते जी घर पे?” ताई म्हणायच्या, “तुह्या बायकोची सवत.” त्याचं लग्न ठरत नव्हतं, त्यामुळे तो गप्प बसायचा.

उन्हाळ्यात एका दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, सरांनी तेलुगूत कुणाला तरी शिवी दिली, किरण खुर्ची सोडून उठला. ताईंच्या कॉम्प्युटरला बॅटरी होती, पण त्यांच्या पडद्याची वायर किरणने आदल्या आठवड्यात दुसऱ्या बोर्डात लावली होती. कॉम्प्युटर चालू राहिला आणि पडदा विझला. ताई टाइप करत होत्या. त्या करतच राहिल्या. बोटं आत गेली, बाहेर आली, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, पुन्हा आत. आम्ही तिघं मागे उभे राहून बघत होतो. लाइट आली, पडदा उजळला, आणि सगळं बरोबर लिहिलेलं होतं. किरणने टाळ्या वाजवल्या. सरही वाजवायला लागले.

ताईंनी मान वर केली. “काऊन? टाळ्या कायच्या वाजवून राह्यले?”

“स्क्रीन बंद था मॅडम! बंद स्क्रीन पे काम कर रै आप!”

ताई हसल्या. पण हसण्याच्या आधी त्यांचा हात पुढे गेला आणि तळवा काचेवर टेकला. तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतो तसा. एवढंच. सर आणि किरण अजून हसत होते. त्यांनी तो हात पाहिला नाही.

मी पाहिला. आणि मग मागचं सगळं एकेक करून पुढे यायला लागलं: बाटली, उन्हं, कपाचा काठ शोधणारं बोट, माझं मोठ्यानं वाचणं.

दुसऱ्या दिवशी वाचायला बसताना आधी पडद्याच्या खालच्या पट्टीवरचं फाईलचं नाव वाचलं, मग ओळ. त्यांनी फाईल बदलली की पुन्हा नाव. ताईंनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. दुपारी मात्र त्यांनी भाकर मोडली आणि अर्धी माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली. झाकण कुठे आहे ते आधी बोटांनी चाचपून. माझ्यासमोर त्यांनी केलेलं ते पहिलं चाचपणं होतं.

त्यानंतर एकदा, भाच्याचं जावळ होतं म्हणून, त्या मला त्यांच्या गावी घेऊन गेल्या. वांकिडीच्याही पुढे, राज्याच्या हद्दीला लागून. “एकटीले कंटाळा येते,” असं त्यांनी सांगितलं. बसमधून उतरताना त्यांनी माझं कोपर धरलं आणि सोडलं नाही.

भावाचं घर कपाशीच्या शेताला लागून होतं. अंगणात गोठ्याच्या भिंतीशी बाजेवर त्यांची आई बसलेली. डोळे उघडे आणि कुठेच न लागणारे. ती घरातली एक वस्तू झाली होती. ऊन सरकलं की सुनेनं येऊन तिला बाजेसकट सावलीत ओढायचं, वाळवण ओढतात तसं. सून वाईट नव्हती. ओढताना तिनं सासूचा पदर नीट केला, तोंड पुसलं.

“सरू कशी हाय वं?” म्हातारीनं हवेत विचारलं. सरू म्हणजे तिची धाकटी बहीण.

“बरी हाय, बरी हाय,” सून म्हणाली. “तुमी जेवा पह्यलं.”

“सुनंदा, सरू बरी हाय ना?”

“हाव माय. बरी हाय,” ताई म्हणाल्या.

भाऊ महादू मोठ्या आवाजाचा, हसतमुख माणूस. त्यानं मला घर दाखवलं, बैल दाखवले, आणि गोठ्यात उभी करून ठेवलेली दुसरी बाज दाखवली. नवी, दोरी अजून पिवळीधमक. “हे ताईची,” तो म्हणाला. “आमच्या आईच्या घरान्यात बायाइचे डोये जाते. आज ना उद्या येनच हाय तिले. मंग निवांत बसा मायलेकी.” तो थट्टेत बोलला होता, पण बाज खरी होती. ताई मागेच उभ्या होत्या. त्या दोरीवर हात दाबून म्हणाल्या, “दोरी ढिली हाय, महादू. ओढून घे,” आणि सगळे हसले.

परतीच्या बसमध्ये आसिफाबाद जाईपर्यंत ताईंनी माझं कोपर धरून ठेवलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, “सरूमावशी मेली मागच्या साली.”

मी त्यांच्याकडे वळले.

“आईले कोनी सांगतलं नाई. बसलेल्या मानसाले काय सांगाचं, म्हने, उगाच जिवाले तरास. बैल विकला, नाई सांगतलं. शेजारची पोट्टी पयून गेली, नाई सांगतलं. तिच्या हिशेबानं सारं गाव बरं हाय.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “आन आज मीबी तेच म्हनलं.”

पुढच्या स्टॉपपर्यंत त्यांची करंगळी समोरच्या दांडीवर आत-बाहेर करत होती.

“मले दिसलं नाई तरी चालन, पोट्टे. ते माह्या हातात नाई. पन मले असं बसवून ठेवू नये कोनी. हे काम हाय तवर नाई बसवत.”

त्यांनी मला कबूल केलं ते एवढंच. मी कॉम्प्युटर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव काढलं, तर म्हणाल्या, “ते मोठ्यानं बोलते. साऱ्याइले ऐकू येते. तू हयू बोलते.” हा माझा त्यांनी केलेला एकमेव गौरव.

ते झालं तेव्हा मी निर्मलला मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेले होते. जे सांगते ते नंतर ऐकून आणि ताईंच्या कॉम्प्युटरवर पाहून.

एका डायलिसिस सेंटरचं काम चालू होतं. कोणत्या पेशंटला कोणता दिवस, याची एक खरी फाईल होती. त्या फाईलवरून मेसेज जायचे. तिच्यासारखीच एक खोटी फाईल होती, सरावाची, प्रोग्रॅम तपासायला. ताई सकाळपासून प्रोग्रॅम आणि सरावाची फाईल यांच्यात आत-बाहेर करत होत्या. मग त्या हात धुवायला गेल्या. तेवढ्यात सेंटरमधून फोन आला. अमक्या पेशंटचा दिवस कोणता. सर ताईंच्या खुर्चीत बसले, खरी फाईल उघडली, दिवस सांगितला, आणि भल्या माणसासारखं पडद्यावर पुन्हा ताईंचा प्रोग्रॅम आणून ठेवला. जसा होता तसा. पण आता ‘मागची’ फाईल बदलली होती.

ताई आल्या, बसल्या, करंगळी दाबली, वर बोट टेकवलं. खालच्या पट्टीवर नाव आलं असणार. ते वाचायला कुणी नव्हतं. सरावाच्या फाईलमध्ये करायचे होते ते बदल त्यांनी केले: सगळे दिवस एकाने पुढे. जतन केलं. संध्याकाळचे मेसेज गेले.

बहुतेकांनी सेंटरला फोन करून विचारलं, काही जण सवयीने नेहमीच्या दिवशी आले. निर्मल रोडवरच्या एका खेड्यातला म्हातारा मात्र मेसेज मानणारा होता. नातवाने वाचून दाखवला असेल. तो एक दिवस घरीच थांबला. दुसऱ्या पहाटे त्याला श्वास घेता येईना म्हणून गाडीत घालून आणला.

मी परत आले त्या सकाळी ऑफिसात कुणी चहा मागवला नव्हता. सर ताईंच्या मागे उभे होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं.

“मॅडम, मैं फाईल खोला, मानता हूं. वापस रख दिया था मैं. मगर नाम तो लिखा रैता ना नीचे? आप देखे नै क्या?”

ताईंची बोटं कळफलकावरच होती.

“अभी बोलो. अभी स्क्रीन पे कौनसी फाईल है?”

मी ताईंच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिले होते. माझ्या चपलांचा आवाज त्यांना कळला होता, कारण त्यांनी मान किंचित माझ्याकडे केली. मी श्वास घेतला, नेहमीच्या त्या हळू आवाजात नाव सांगायला. ताईंनी टेबलाखालून माझं मनगट धरलं, पहिल्या दिवशी धरलं होतं तसं.

“राहू दे, पोट्टे,” त्या म्हणाल्या. मग सरांकडे तोंड करून, आवाज होता त्याच्या थोडं डावीकडे पाहत, “मले दिसत नाई, सर. लय दिवस झाले.”

सर खाली बसले. “सरे,” ते म्हणाले, तेलुगूत ‘बरं’ म्हणतात तसं, आणि पुन्हा एकदा, “सरे.” किरण पडद्याची वायर बघत होता. थोड्या वेळाने ताईंनी विचारलं, “ते म्हातारं मानूस कसं हाय?” सर म्हणाले, “हैदराबाद ले जा रै बोलके सुना.” ते खरं होतं. तोपर्यंत तेवढंच झालं होतं.

ताईंनी डबा उचलला, बाटली उचलली. मग कळफलकावर बोटं ठेवून उघड्या फाईली एकेक करून बंद केल्या. मी त्यांना फाईल बंद करताना पहिल्यांदाच पाहत होते. महादू त्याच आठवड्यात येऊन खोली रिकामी करून त्यांना घेऊन गेला.

मी ताईंच्या गावी गेले ते कापूस वेचायच्या दिवसांत. ऑफिसचा लॅपटॉप सोबत नेला होता. सरांना विचारलं तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला, ने म्हणून. महादूनं मला वाटेतच गाठलं. तो पूर्वीसारखाच हसतमुख होता, फक्त आवाज बारीक केला होता.

“पोरी, एक गोठ ऐक. तिनं त्या मानसाचं विचारलं तं बरा हाय म्हन. आमी तसंच सांगतलं. जेवत नोती वं. आता जेवते.”

मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याला लोक होकार समजतात. ती माझी जुनी सोय आहे.

अंगणात दोन बाजा होत्या. दुसरीची दोरी आता मळली होती आणि मध्ये झोळ पडला होता. ताई पाय खाली सोडून बसल्या होत्या, केस कुणीतरी चापून विंचरलेले, अंगावर न शोभणारं हिरवं लुगडं. सून आली आणि म्हणाली, “बसल्या हाय निवांत. काई तकलीप नाई.” त्यांच्यासमोर, त्यांच्याबद्दल, मला. ताईंचा डावा हात बाजेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, होता. करंगळी दाबलेली, वरचं बोट टेकत होतं आणि उठत होतं.

“लॅपटॉप आनला?”

“हो.”

“वाच.”

मी शेजारी बसले आणि वाचायला लागले. फाईलचं नाव, मग ओळी. माझा आवाज नेहमीसारखाच खाली होता. पलीकडच्या बाजेवर म्हातारीनं मान वळवून कान दिला, जसा कीर्तनाला द्यावा. एक फाईल झाली, दुसरी झाली. ताई मध्ये मध्ये हुंकार देत होत्या. सून कामाला गेली. महादू दारात उभा राहिला.

“पुरे,” ताई म्हणाल्या. “आता ते वाच.”

“कोणतं?”

“ते निर्मल रोडचं मानूस.”

दारात महादू खाकरला. ताईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांचं बोट गातावर थांबलं होतं, खालीही नाही, वरही नाही.

“जे हाय तेच वाच, पोट्टे. मनानं म्हनू नोको.”

मी लॅपटॉप मिटला. महादू माझ्याकडे पाहत होता, मान हलवत होता, नाही, नाही. कुठेतरी वेचलेल्या कापसाचं गाठोडं धपकन पडलं.

“ते वारले, ताई,” मी म्हणाले. “हैदराबादला नेताना. वाटेत.”

ताई हलल्या नाहीत. महादू एक पाऊल पुढे आला आणि थांबला. मग ताईंनी हळूच मान डोलावली. मी ओळ बरोबर वाचली की डोलवायच्या तशी.

पलीकडच्या बाजेवरून म्हातारीनं माझ्या आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला.

“आन सरू, पोरी? माही सरू?”

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही, मला थांबवलंही नाही. मी म्हातारीचा हात धरला. मोठ्यानं, शेषरावला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, मी म्हणाले, “त्याही गेल्या, आजी.”